शेंगेतले शेजारी

आकाशातून काहीतरी आपल्या डोक्यावर पडणार, ही भीती मला आयुष्यात एकदाच वाटली. आणि जे पडायचं होतं ते ऑस्ट्रेलियात पडलं. १९७९ च्या जुलैमधली गोष्ट. अमेरिकेची स्कायलॅब नावाची सुमारे ७७ टनांची प्रयोगशाळा अवकाशातून खाली यायला निघाली होती आणि ती नेमकी कुठं उतरणार हे तिच्या मालकांनाही सांगता येत नव्हतं. आमच्या वाड्यात मात्र ती वाड्यातच पडणार याबद्दल एकमत होतं. पुण्यातल्या वाड्यात कुठल्याही विषयावर एकमत होणं ही स्कायलॅब पडण्यापेक्षा दुर्मीळ घटना. तळमजल्यावरच्या काकूंनी नव्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली सरकवल्या. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड दोन रात्री खाली झोपायला आलं. भाडं थकल्यामुळं एरवी ते खालून जाताना पावलं न वाजवता जायचं. ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्यातुकड्यांनी पडली. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावानं अमेरिकेच्या अवकाश संस्थेला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड केला. त्या गावाबद्दल मला तेव्हा जो आदर वाटला तो अजून कायम आहे.

आम्ही हे घाबरण्याचं काम दोन-चार दिवस केलं, तेही फुकट. अमेरिकेतल्या मंडळींनी ते दहा वर्षं, तिकीट काढून, अंधारात बसून, मक्याच्या लाह्या खात केलं. परग्रहावरून कोणीतरी येतं आणि आपल्यावर चालून जातं, असे सिनेमे तिथं १९५० नंतर एकामागून एक निघाले. मला या सिनेमांचा नाद आहे. ‘‘या वयात तुम्हाला ते भोपळ्यासारख्या डोक्याचे राक्षस बघवतात तरी कसे?’’ असं आमची ही विचारते. मी म्हणतो, अगं, राक्षसाकडे बघायचंच नसतं. त्याला बघून पळणाऱ्यांकडे बघायचं. गंमत तिथं आहे.

सुरुवात एका बशीपासून झाली. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाचा गृहस्थ स्वतःच्या विमानातून माउंट रेनियर या डोंगराजवळून जात होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू भयंकर वेगानं जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाईल तशा त्या जात होत्या, असं त्यानं सांगितलं. म्हणजे बशी ही चाल होती, आकार नव्हे. पण वर्तमानपत्रवाल्यांना एवढा बारकावा कुठला परवडायला? त्यांनी ‘उडती बशी’ छापली आणि तेव्हापासून लोकांना आकाशात बश्याच दिसायला लागल्या. आपल्या वर्तमानपत्रांनी तिची ‘उडती तबकडी’ केली, हे बरं झालं. बशी म्हटल्यावर मराठी माणूस घाबरला नसता. त्यानं कप कुठं आहे म्हणून विचारलं असतं.

आता हे सगळं त्याच वेळी का सुचावं? १९४५ साली दोन अणुबाँब टाकून अमेरिका जगातली एकमेव अणुबाँबवाली झाली होती. चाळीत एकट्याच्याच घरी फोन असतो तेव्हा त्या घरमालकाची जी ऐट असते ती तिची होती. १९४९ च्या ऑगस्टमध्ये रशियानंही बाँब फोडून पाहिला आणि ऐट संपली. त्याच वर्षी चीन कम्युनिस्ट झाला. १९५० च्या जूनमध्ये कोरियात लढाई पेटली. शाळेतल्या पोरांना बाकाखाली लपायचे धडे सुरू झाले. त्यासाठी एक बोधपटही काढला होता, त्यात एक कासव धोका दिसताच आपल्या पाठीच्या ढालीत शिरतं. कासवाला ढाल असते आणि पोराला शाळेचं बाक, एवढा फरक कोणी मनावर घेतला नाही.

पण बाँबपेक्षा मोठी भीती दुसरीच होती. रशियानं बाँब केला तो आपल्यातल्याच कोणीतरी गुपित फोडल्यामुळं, असं लोकांच्या मनानं घेतलं. म्हणजे शत्रू समुद्रापलीकडे नाही, शेजारी आहे. तो आपल्यासारखाच दिसतो, गवत कापतो, रविवारी चर्चला जातो. १९५० च्या फेब्रुवारीत जोसेफ मॅकार्थी नावाच्या सिनेटरनं, परराष्ट्र खात्यात घुसलेल्या कम्युनिस्टांची यादीच माझ्या हातात आहे, असं भाषणात ठोकून दिलं. यादीतला आकडा पुढं भाषणागणिक बदलत गेला. वाण्याकडच्या उधारीसारखी यादी. आकडा काहीही असो, ती आहे एवढंच सांगायचं असतं. सिनेमावाल्यांवर तर ही संक्रांत १९४७ मध्येच आली होती. संसदेच्या एका समितीनं लेखक-दिग्दर्शकांना बोलावून विचारलं, तू कम्युनिस्ट पक्षात आहेस का, कधी होतास का? दहा जणांनी उत्तर द्यायचं नाकारलं, ते तुरुंगात गेले. बाकी कित्येकांची नावं काळ्या यादीत गेली. त्यांना काम मिळेना. मग ते दुसऱ्याच्या नावानं लिहायला लागले. डाल्टन ट्रंबो त्या दहांपैकी एक. त्यानं ‘रॉबर्ट रिच’ या नावानं लिहिलेल्या कथेला १९५७ साली ऑस्कर मिळालं आणि ते घ्यायला रॉबर्ट रिच काही आला नाही; तो जन्मलाच नव्हता. नाव एकाचं आणि आत माणूस दुसराच, असा सगळा मामला. असल्या हवेत मंगळावरून माणसं न येतील तरच नवल!

१९५१ साली आलेला ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ हा मी किती वेळा पाहिला असेल ते सांगत नाही. उत्तर ध्रुवाजवळ, बर्फात, शास्त्रज्ञांचा एक तळ आहे. तिथं एक तबकडी पडते. ती बाहेर काढायच्या नादात लष्करी जवान ती जाळून टाकतात. सरकारी कामाचा हा नमुना बघून मला आमच्या कचेरीची आठवण येते. आतला प्राणी मात्र बर्फाच्या लादीत गोठलेला सापडतो. त्याच्यावर पहारा ठेवतात. पहारेकऱ्याला त्याचा चेहरा बघवेना, म्हणून तो लादीवर एक पांघरूण टाकतो. ते पांघरूण असतं विजेवर गरम होणारं. लादी वितळते. पांघरुणामुळं एवढा अनर्थ दुसरा झाला नसेल.

पुढं कळतं की हा प्राणी प्राणीच नाही, वनस्पती आहे. रक्तावर वाढणारी भाजी! तिच्यावर गोळ्या चालत नाहीत. आता या भाजीचं करायचं काय, असा पेच पडलेला असताना निकी नावाची तिथली सेक्रेटरी सुचवते की उकडा, भाजा, तळा. सगळं लष्कर आणि सगळं विज्ञान जिथं थकलं तिथं स्वयंपाकघरातली अक्कल उपयोगी पडली, आणि शेवटी त्या भाजीला विजेच्या झटक्यानं परतून काढतात. आमच्या हिला हा सिनेमा एवढ्याच भागापुरता आवडला.

त्या तळावर कॅरिंग्टन नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. ते म्हणतात, याला मारू नका, समजून घ्या, हा आपल्याहून शहाणा आहे. त्यांच्या डोक्यावर केसाळ टोपी आणि हनुवटीला टोकदार दाढी. मॉस्कोच्या गाडीतून आताच उतरल्यासारखे. ते त्या भाजीपुढं हात पसरून भाषण करतात आणि भाजी त्यांना एका फटक्यात बाजूला फेकते. समजून घेऊ या म्हणणाऱ्याचं काय होतं, हे १९५१ च्या प्रेक्षकाला एवढ्यावरून नीट समजत होतं. शेवटी एक वार्ताहर रेडिओवरून जगाला बजावतो की आकाशाकडे लक्ष ठेवा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रॉबर्ट वाईजचा ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ आला आणि त्यानं बरोबर उलटं सांगितलं. क्लाटू नावाचा सभ्य गृहस्थ तबकडीतून वॉशिंग्टनमध्ये उतरतो. राष्ट्राध्यक्षांसाठी भेट म्हणून काहीतरी खिशातून काढतो, तर एक शिपाई त्याला गोळी घालतो. पाहुणा दारात आला, पेढ्यांचा पुडा काढतोय तोच घरातल्यानं सोटा हाणला, त्यातलाच प्रकार. मग क्लाटू इस्पितळातून निसटून एका खाणावळवजा घरात भाड्यानं खोली घेतो. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सगळे भाडेकरू त्याच्याचविषयी बोलत असतात. एक बाई ठामपणे म्हणतात की तो कसला अवकाशातला, तो याच पृथ्वीवरचा, आणि कुठला ते तुम्ही ओळखून घ्या. रशियाचं नावही घेत नाहीत. क्लाटू शेजारी बसून निमूटपणे खातो आहे. सगळ्या सिनेमात मला धडकी भरते ती इथं. त्याच्या आठ फुटी यंत्रमानवाला बघून नव्हे, या बाईंना बघून. अशी एक बाई, किंवा बाप्या, प्रत्येक खाणावळीत असते.

जगानं शहाणं व्हावं म्हणून क्लाटू अर्धा तास पृथ्वीवरची वीज बंद करतो. इस्पितळं आणि उडती विमानं तेवढी वगळतो. तिथला प्रेक्षक हे बघून हादरला म्हणतात. आपल्याकडे वीज मंडळानं क्लाटूपेक्षा कितीतरी जास्त तास काम केलं आहे, तरी कोणी शहाणं झाल्याचं ऐकिवात नाही. यात एका विद्वान प्राध्यापकाचं काम सॅम जाफे या नटानं केलं. त्याच्यावरही लाल असल्याचा संशय होताच. पुढं काही वर्षं हॉलिवूडमध्ये त्याला काम मिळेनासं झालं. भांडू नका, एकमेकांवर संशय घेऊ नका, असं सांगणाऱ्या सिनेमातल्या नटाची ही गत.

यांच्या आधीही मंगळावरचे लोक एकदा आले होते, १८९८ साली, एच. जी. वेल्सच्या कादंबरीत. तेव्हा ते इंग्लंडात उतरले. टास्मानियातल्या मूळच्या लोकांना आपण गोऱ्यांनी कसं संपवलं ते आठवा आणि मग मंगळवाल्यांना नावं ठेवा, असं वेल्सनं सुरुवातीलाच इंग्रज वाचकाला सुनावलं आहे. आपल्याला हे कळायला कादंबरी वाचायची गरज नव्हती. आपल्याकडे तबकडी १६०८ साली सुरतेच्या किनाऱ्याला लागली. त्यांनीही प्रथम फक्त व्यापाराची परवानगीच मागितली होती. अमेरिकेत याच कादंबरीचं १९३८ साली ऑर्सन वेल्सनं रेडिओनाट्य केलं, बातम्यांच्या थाटात. काही लोक खरंच घाबरले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांना आणखी कितीतरी पटींनी घाबरवलं. १९५३ साली तिचा सिनेमा झाला तेव्हा मंगळवाले कॅलिफोर्नियात उतरले आणि त्यांच्यावर अणुबाँब टाकला गेला. धूर विरतो तर मंगळवाले जसेच्या तसे! तोपर्यंत हायड्रोजन बाँबही होऊन गेला होता. जिच्यावर सगळी भिस्त ती वस्तू कुचकामी, हे बघताना त्या थिएटरात काय शांतता पसरली असेल! सरतेशेवटी मंगळवाले सर्दीपडशाच्या जंतूंनी मरतात आणि लोक चर्चमध्ये देवाचे आभार मानतात. वेल्सला धर्मगुरूंचा मनस्वी तिटकारा. तो तोपर्यंत वारला होता म्हणून बरं.

(एड वुडच्या ‘प्लॅन ९’ विषयी मी लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही. त्यातला मुख्य नट बेला लुगोसी दोन-चार मिनिटांचं चित्रण झाल्यावर वारला. वुडनं त्याच्या जागी आपल्या बायकोच्या हाडवैद्याला उभं केलं. तो लुगोसीसारखा मुळीच दिसत नव्हता, म्हणून सगळा सिनेमाभर त्याला नाकापर्यंत झगा ओढून फिरवलं. असला आत्मविश्वास आपल्याकडे फक्त हौशी नाट्यसंस्थांत सापडतो.)

पण या सगळ्यांत ज्यानं माझी झोप खरोखरच घालवली तो सिनेमा डॉन सीगलचा, १९५६ चा, ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’. यात तबकडी नाही, राक्षस नाही, किरण नाहीत. सांता मिरा नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या डॉक्टरकडे पेशंट येऊ लागतात ते विचित्र तक्रार घेऊन. एक मुलगा म्हणतो, माझी आई माझी आई नाही. एक बाई म्हणते, माझे काका माझे काका नाहीत. दिसतात तसेच, बोलतात तसेच, जुन्या आठवणीही बरोबर सांगतात. पण काहीतरी गेलंय. डोळ्यांत जे असायचं ते नाही. डॉक्टर त्यांना समजावतो. दोन दिवसांनी तेच लोक येऊन सांगतात, आता सगळं ठीक आहे, डॉक्टर. आणि ते ‘ठीक आहे’ ऐकून आपल्या पाठीतून थंड काहीतरी जातं.

झालेलं असं असतं की अवकाशातून काही बिया येऊन पडल्या आहेत. त्यांच्या मोठाल्या शेंगा येतात. शेंग तुमच्या जवळ ठेवली आणि तुम्ही झोपलात, की शेंगेतून तुमच्यासारखा हुबेहूब माणूस तयार होतो. तुम्ही संपता. नवा माणूस सकाळी उठून तुमच्या कामाला जातो. त्याला दुःख नाही, प्रेम नाही, कटकट नाही. गावातला पोलिस शेंगेतला, फोन जोडून देणारी बाई शेंगेतली. तळघरात आलेला गॅसचा मीटर वाचणाराही. (हे बारीक काम करणारा सॅम पेकिन्पा पुढं मारामारीच्या सिनेमांचा मोठा दिग्दर्शक झाला.) एका सकाळी डॉक्टर खिडकीतून बघतो तर भर चौकात ट्रकमधून शेंगांचं वाटप चाललेलं, लोक शांतपणे रांगेत उभे, शेजारगावच्या नातेवाइकांसाठी शेंगा घेताहेत. रेशनच्या दुकानावरही इतकी शिस्तीची रांग मी पाहिलेली नाही.

या शेंगा म्हणजे कोण? एक पक्ष म्हणतो, कम्युनिस्ट: भावना नाहीत, सगळे सारखे, हळूहळू गाव पोखरणारे. दुसरा पक्ष म्हणतो, छे, शेंगा म्हणजे मॅकार्थीची माणसं: सगळे एका सुरात बोलणारे, वेगळा दिसला की बोट दाखवणारे. दोन्ही पक्ष तोच सिनेमा बघून, हा आपलाच, असं म्हणत टाळ्या वाजवत घरी गेले. गंमत म्हणजे त्यात डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाचं आडनावही मॅकार्थी, केव्हिन मॅकार्थी. सिनेटरच्या नात्यातला नव्हे. मूळ कादंबरी लिहिणारा जॅक फिनी तर म्हणत राहिला की बाबांनो, माझ्या मनात असलं काही नव्हतं, मी एक गोष्ट लिहिली. सिनेमाचा मूळ शेवट भयानक होता: डॉक्टर हमरस्त्यावर गाड्यांपुढं धावत ओरडतो आहे आणि कोणी थांबत नाही. कंपनीला हे परवडेना. मग मागं-पुढं इस्पितळातले दोन प्रसंग जोडले आणि शेवटी अमेरिकन सरकारच्या तपास खात्याला, त्या एफ.बी.आय.ला, फोन लावायला सांगितलं. ज्यांना शेंगा म्हणजे मॅकार्थीवाले वाटत होते त्यांनी या फोनचं काय केलं असेल कोण जाणे.

मी हा सिनेमा पाहिला १९७६ साली, पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत, खुर्च्या मोडक्या आणि पंखा आवाजाचा अशा हॉलमध्ये. सोसायटीचा रिवाज असा की सिनेमानंतर चर्चा. एरवी ही चर्चा सिनेमापेक्षा लांब चाले. एकेक सभासद उठून असा बोले की मूळ दिग्दर्शकाला घाम फुटावा. त्या दिवशी दिवे लागले, चिटणीस म्हणाले, ‘‘हं, आता चर्चा.’’ कोणी उठेना. चाळीसेक माणसं. जो तो शेजाऱ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता. मागच्या रांगेत दोन चेहरे नवीन होते. बऱ्याच वेळानं एक निवृत्त प्राध्यापक उठले आणि म्हणाले, ‘‘छायाचित्रण फार उत्तम आहे.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चपला शोधायला लागले. आणीबाणीचं दुसरं वर्ष चालू होतं.

आमचे मामा शाळामास्तर. कुठल्याशा बैठकीत चार वाक्यं जास्त बोलले आणि १९७५ च्या जुलैमध्ये तुरुंगात गेले. घरी मामी आणि दोन मुलं. शेजारी नाना म्हणून होते; रोज संध्याकाळी मामांकडे चहाला यायचे, वीस वर्षं. मामा गेल्यावर ते यायचे थांबले. भांडण नाही, काही नाही. जिन्यात भेटले की हसायचे, पावसाविषयी बोलायचे. मामी मला म्हणाली होती, ‘‘दिसतात नानांसारखेच रे. खोकतातही तसेच. पण ते नाना नाहीत.’’ सिनेमात ती बाई आपल्या काकांविषयी बोलायला लागली तेव्हा मला मामीच आठवली.

नानांविषयी मी हे चारचौघांत सांगतो तेव्हा ऐकणारे चुकचुकतात. पुढचं मी सहसा सांगत नाही. मामी मला हे म्हणाली ती मंडईत, मेथी निवडताना. कारण त्या वर्षात मी तिच्या घरी गेलोच नव्हतो. माझी सरकारी कचेरीतली नोकरी दीड वर्षाची होती, कायम व्हायची होती. साहेबांनी एकदा सहज विचारलं होतं, ‘‘ते मास्तर तुमचे कोण?’’ मी म्हणालो, ‘‘लांबचे.’’ आईचा सख्खा भाऊ. मंडईत मामीनं मला काही विचारलं नाही. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, एक माझ्या पिशवीत टाकली.

१९७७ च्या सुरुवातीला मामा सुटले. त्याच साली पडद्यावर आलेल्या स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये परग्रहावरचे लोक एकदम प्रेमळ झाले आणि लबाड ठरलं ते सरकार. व्हिएतनाम आणि वॉटरगेट झाल्यावर अमेरिकन माणसाला तेच जास्त पटण्यासारखं होतं. त्यातला एक मोठा जमाव आकाशाकडे बोट दाखवून सूर कुठून आले ते सांगतो. सिनेमात ती जागा उत्तर हिंदुस्थानातली धरमशाला आहे. प्रत्यक्षात चित्रण झालं आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात. म्हणजे परग्रहवासीयांचा पत्ता जगाला दाखवला तो कुलाबा जिल्ह्यातल्या बोटांनी. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘बोट दाखवायला माणसं कुठंही मिळतात.’’ तुरुंगातून आल्यावर ते एवढंच बोलायचे. नाना पेढे घेऊन आले होते. मामींनी त्यांना चहा दिला. मलाही दिला.

१९८५ च्या सुमाराला व्हिडिओ भाड्यानं आणायची टूम निघाली. एका रविवारी मी मशीन आणि ‘बॉडी स्नॅचर्स’ची कॅसेट घेऊन मामांकडे गेलो. म्हटलं, मामा, हा तुम्ही बघायलाच हवा. ते जेवून आरामखुर्चीत बसले होते. डॉक्टर आणि त्याची मैत्रीण गावाबाहेर पळतात, दमतात, आणि तो तिला पुन्हा पुन्हा सांगतो की झोपायचं नाही, तिथवर आलो आणि मला बाजूनं घोरणं ऐकू आलं. मामांचा चष्मा नाकावर घसरला होता.

‘‘उठवू नकोस रे,’’ मामी हळूच म्हणाली, ‘‘रात्री झोप नसते त्यांना.’’

मी उठवलं.

‘‘काय रे?’’ मामा दचकून म्हणाले.

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो, ‘‘चहा झालाय.’’

चहा अजून टाकायचाच होता. मामी काही न बोलता उठली.